दाढेतून कानात

दाताच्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की सायकलचे गियर हे हौशी लोकांसाठी. जाणकार माणूस गाणं बदलतो. सपाट रस्त्याला झुलतं गाणं, उताराला कुठलंही, आणि दवाखान्याच्या वाटेवरच्या पुलाला राखीव असं एक कवायतीचं. "गाणं आपण निवडायचं. गाण्याला आपल्यावर बसू द्यायचं नाही," असं ते बायकोला ऐकवत. बायको खरोखरची गाणारी. ती नुसतं "हं" म्हणायची.

त्या संध्याकाळी तिचा कार्यक्रम होता. स्वतः बांधलेल्या चाली ती पहिल्यांदाच लोकांसमोर मांडणार होती. त्यातल्या एका गाण्यावर डॉक्टर बेहद्द खूश होते. घर सोडून निघालेल्या माणसाला दारातून मारलेली हाक, एवढंच त्यात होतं. पण ऐकताना डॉक्टरांना दर वेळी चष्मा पुसावा लागे.

तेच मनात घोळवत सकाळी ते दवाखान्याला निघाले. सिग्नलला शेजारी नळदुरुस्तीवाल्याची गाडी येऊन थांबली. टपावर भोंगा, आणि भोंग्यात गाणं:

"टपटप टपटप, झोप उडाली?
एक फोन अन् चिंता बुडाली!"

सिग्नल सुटला. गाडी गेली, गाणं राहिलं. उजवा पाय टपटप, डावा पाय टपटप. पुलावर डॉक्टरांनी राखीव गाणं बाहेर काढलं, तर तेही चार पायडलांत टपटपमध्ये विरघळलं. खाली उतरून सायकल ढकलून पाहिली, तेव्हा बूट तेच म्हणायला लागले.

दवाखान्यात बायकोला साथ करणारी व्हायोलिनवाली आधीच येऊन बसली होती. दाढेचा टवका उडाला होता आणि व्हायोलिन हनुवटीखाली दाबलं की कळ थेट मस्तकात जात होती.

"संध्याकाळपर्यंत काहीही करा, डॉक्टर."

डॉक्टरांचा हात हलका. काम त्यांनी सुरेखच केलं. फक्त काम करताना त्यांना गुणगुणायची सवय होती, आणि गालात कापूस कोंबलेल्या माणसाला नको म्हणायची सोय नसते.

"आँ... आँ," ती म्हणाली.

"दुखतंय?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"मग झालंच. टपटप टपटप..."

ती जिना उतरू लागली तेव्हा खालून बारीक आवाज आला. झोप उडाली, चिंता बुडाली. डॉक्टर हातमोजे न काढताच कठड्याकडे धावले.

"अहो, दुसरं काहीतरी म्हणा!"

"मी काय म्हणत होते?" तिने विचारलं, आणि मग तिच्याच लक्षात आलं. ती खालच्या पायरीवर मटकन बसली.

संध्याकाळी हॉल भरला. डॉक्टर तिसऱ्या रांगेत, खुर्चीचा हात घट्ट धरून. हाकेचं गाणं सुरू झालं. बायको "थांब" या शब्दावर येऊन श्वासापुरती थांबली. ती जागा व्हायोलिनची होती, एकच लांब सूर. सूर निघाला, थरथरला, आणि स्वच्छ वाजलं: टपटप टपटप.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. व्हायोलिनवालीचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी खुर्चीखाली किती जागा आहे याचा अंदाज घेतला.

बायकोने मान वळवली नाही. डोळे मिटून तिने तेच ठोके उचलले, पार संथ केले आणि त्यांवर शब्द ठेवले, "थांब जरा ना, थांब जरा ना." दुसऱ्यांदा म्हणताना आवाज असा खाली आणला, की गाण्यातल्या, दारात उभ्या बाईत हाक मारायचंही बळ उरलेलं नाही असं वाटावं. व्हायोलिन सावरलं आणि हलकेच तिच्या मागून गेलं. हसणारा गप्प झाला. डॉक्टरांच्या शेजारचे आडदांड गृहस्थ नाक शिंकरू लागले. हे गळक्या नळाचं गाणं आहे, हे अख्ख्या हॉलमध्ये डॉक्टरांइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं, तरी त्यांचेच डोळे सर्वांत जास्त गळत होते.

घरी जाताना डॉक्टर सायकल हातात धरून बायकोबरोबर चालत होते.

"कसं सुचलं गं तुला?"

"सुचलं कुठलं! व्हायोलिनवाली दुपारी तालमीला आली तेव्हाच तिच्या बोटांत ते होतं. मी विचारलं, दाढ कुणी भरली? मग काय, आलंच तर कुठे न्यायचं ते ठरवून ठेवलं."

डॉक्टरांनी सायकल थांबवून चष्मा पुसला. इतक्या वर्षांचा संसार, आणि बाई एवढी मोठी आहे हे ते रोज नव्याने विसरत होते.

"आता एकदा पुरतं म्हणून टाका, म्हणजे सुटेल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीनंतर थांबले. "पुढचं येत नाही. सिग्नल सुटला ना."

"अर्धवट राहिलं, म्हणून अडकलं," बायको म्हणाली. घर येईपर्यंत तिने चालता चालता पुढच्या दोन ओळी रचल्या, त्यांना गोड चाल लावली, आणि डॉक्टरांकडून चांगल्या घोटून घेतल्या.

सकाळी डॉक्टर सायकलवर बसले. आता चारही ओळी येत होत्या.