चौकोनी मांजरं

आमच्या शेजारच्या अंबादासमामांनी काढलेल्या मांजराला गोल पोट नसतं, पायऱ्या असतात. शेपटीच्या जागी जिना आणि डोक्यावर कानांची गच्ची! मामांनी उभा जन्म अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरींची डिझाइनं काढली. ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे, की तिकडे मागावर मोर उतरायचा. आता निवृत्त झाले, मामी गेल्या, पण ग्राफ सुटला नाही.

चादर दिसली की उलटी करून बघायची, ही त्यांची दुसरी खोड. "पाठ बघावी, मालक. तोंड सगळेच चांगलं दाखवत्यात." समोर कुणीही असो, मामांचा तो 'मालक'च. एकदा आम्ही दोघं मयताच्या घरी भेटायला गेलो. मंडळी डोळे पुसतायत आणि मामांनी खाली अंथरलेल्या चादरीचा कोपरा हळूच उलटला. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "रंग जानार." मी रुमाल तोंडात कोंबला. घरच्यांना वाटलं, मला फारच दुःख झालंय. मला दोनदा पाणी दिलं!

तर या मामांनी यंदा जाहीर केलं, "नातीसाठी चित्रांचं पुस्तक काढलालोय." नात पुण्याला, त्यांच्या मुलीकडे, पद्माकडे. गोष्ट अशी : घरात एक जुनी मांजर असते. एक दिवस नवं पिल्लू येतं. जुनी रुसते, फिस्कारते.

मी धावतच बघायला गेलो. प्रत्येक पानावर दोन मांजरं समोरासमोर, मध्ये फूल, चारी बाजूंनी काठ.

"मामा, यातली जुनी कुठली?"

"डावीकडची."

"आणि पिल्लू?"

"उजवीकडचं."

"अहो, दोघं एकाच मापाची आहेत की!"

"असनारच. अर्धं काढलं, अर्धं उलटून घेतलं. डावं-उजवं येगळं निघालं तर गिऱ्हाईक चादर तोंडावर फेकतंय, मालक."

मी पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. चष्मा लावून वाचायला लागले.

"पिल्लू जुन्या मांजरीच्या खुर्चीवर बसत नाही. पिल्लू सकाळी खोकत नाही. पिल्लू टीव्ही मोठ्यानं लावत नाही."

"मांजर टीव्ही लावतं होय?"

मामा पानाची कड बोटानं सरळ करत बसले. मग म्हणाले, "पद्मा पुन्याला चला म्हनतीया. हितं एकट्याला ठिवायचं तिच्या जिवावर येतंय. पन तितं तिची सासू हाय. दोनच खोल्या. इहीनबाईंनी का म्हनून सरकावं?"

"मग हे पुस्तक..."

"नातीला कुटं वाचता येतंय अजून? रोज संध्याकाळी इहीनबाईच वाचून दावत्यात."

पुस्तक कुरिअरनं गेलं. त्यानंतर मामा माझ्याकडे चहाला आले, तरी फोन हातातच. एका संध्याकाळी तो वाजला. मी त्यांच्या घरी समोरच बसलो होतो. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेला.

"ताता!" नात ओरडली. आजोबांना ती त्यांच्या तेलुगूतच हाक मारते. "आजीनं पुस्तक वाचलं!"

"व्हय? काय म्हनली आजी?"

"म्हणाली, मांजरं छान आहेत. पण एवढ्याशा घरात दोन मोठी मांजरं कशी मावायची?"

पलीकडे पद्माचा आवाज आला, "आण इकडे तो फोन!" आणि फोन बंद झाला.

"लहान पोर आहे, मामा," मी म्हणालो. "काहीतरी बोलतं."

"बरोबर हाय की," मामा म्हणाले. "माप चुकलं माझं."

त्यांनी नवा ग्राफ अंथरला. डावीकडे जुनी मांजर पूर्वीसारखीच काढली, ऐसपैस. उजवीकडे बराच वेळ पेन्सिल टेकली नाही. मग अगदी खाली, कोपऱ्यात एक दार आखलं आणि त्याला लागून त्यांनी चार चौकोन भरले. कान नाहीत, शेपूट नाही.

कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बघा, मालक. एवढं मावंल का?"