वरचा एक, खालचा एक

भिवंडीत कामतघरला राहणारे श्रीनाथ टिपणीस हे मध्यमवर्गीय आहेत, याविषयी कोणालाही, विशेषतः त्यांना स्वतःला, कधी शंका आली नव्हती. एका खासगी शाळेत ते हेडक्लार्क. घर वन-बीएचके, पण स्वतःचं. गाडी घ्यावी की नाही, यावर घरात नऊ वर्षं चर्चा चालू. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना; दुपारी वीज जाऊन तिथली खटखट थांबली की श्रीनाथरावांची झोप मोडे. इतक्या भक्कम वर्गाला कधी कागदी पुरावा लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

तो लागला, कारण त्यांच्या मुलीला, तनयाला, पुण्याला फार्मसीला प्रवेश मिळाला आणि तिथे मध्यमवर्गीय पाल्यांसाठी नवं वसतिगृह निघालं. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी घरचं धोरण एका वाक्यात जाहीर केलं. वसतिगृह मिळालं तर पुणं, नाहीतर इथेच बी.कॉम.; चार पोरींबरोबर कुठेतरी खोली घेऊन राहायचं नाही. तनयाने त्याच दिवशी बॅग भरली आणि ती दारामागे उभी करून ठेवली.

मध्यमवर्गीय असल्याचा दाखला देणाऱ्या कचेरीचं नाव होतं मध्यमवर्ग निश्चिती कक्ष. तिथल्या अधिकारी वल्लरी मॅडम वयाने लहान आणि नियमाने मोठ्या होत्या.

"उत्पन्न आम्ही विचारत नाही," त्या म्हणाल्या. "खरं कोणी सांगत नाही, आणि सांगितलं तर आम्ही विश्वास ठेवत नाही. आमची व्याख्या शास्त्रीय आहे. मध्य म्हणजे काय? ज्याच्या वर कोणीतरी आहे आणि खाली कोणीतरी आहे. तेवढं सिद्ध करा. एक वरचा साक्षीदार, एक खालचा. दोघांच्या सह्या."

श्रीनाथरावांना व्याख्या फार आवडली. आयुष्यभर मनात होतं ते सरकारला इतक्या वर्षांनी का होईना सुचलं होतं.

"सही केली की साक्षीदाराचं काय होतं?"

"काही नाही. वरच्याची नोंद उच्चवर्गात होते, खालच्याची निम्नवर्गात. कायमची. फॉर्म नीट भरा हं, एका कुटुंबाला एकच मिळतो आणि खाडाखोड चालत नाही."

"मॅडम, तीस वर्षांच्या नोकरीत मी खाडाखोड केलेली नाही," श्रीनाथराव म्हणाले, आणि तिथल्या तिथे, शाळेच्या जनरल रजिस्टरला शोभेल अशा अक्षरात, कोणालाही न विचारता त्यांनी दोन्ही नावं लिहून टाकली. वरचा: जीवनशेठ, पडघा. खालची: मैना, त्यांच्याकडे बारा वर्षं धुणंभांडी करणारी. अर्जातला हा भाग भरायला त्यांना दीड मिनिट लागलं. विचार करायची गरजच नव्हती.

पडघ्याचे जीवनशेठ श्रीनाथरावांच्याच शाळेत शिकलेले. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला श्रीनाथरावांनीच लिहिला होता. त्यानंतर शेठनी भातशेती सोडली आणि त्या जमिनीवर अकरा गोडाऊन उभी केली. घर तीन मजली, दारात तीन गाड्या.

"या या, टिपणीससाहेब! काय, वरचा? मी?" जीवनशेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आवं, शेतकरी मानूस मी. आमी आपले मधलेच."

"घरात लिफ्ट आहे, जीवनशेठ."

"आयचे गुडघे दुखतात. हौसेनं लावली असती तर तुमचं बरोबर होतं. ही मजबुरी हाय."

"आणि अकरा गोडाऊन?"

"त्यात माल माझा हाय का? माल त्या कंपन्यांचा. मी नुसती जागा सांभालतो. म्हंजे बगा, वॉचमनच झालो की नाय?"

श्रीनाथरावांनी आपला फॉर्म वॉचमनपुढे सरकवला. तेवढ्यात शेठनी टेबलाच्या खणातून तसाच एक फॉर्म काढला. त्यांच्या मुलाला, मिहिरलाही, पुण्याला जायचं होतं.

"तुमी असं करा. माझ्या फॉर्मवर खालची सही तुमी ठोका. आपलेच मानूस तुमी."

"मी? खालचा?" श्रीनाथराव उभे राहिले. "मी हेडक्लार्क आहे शाळेचा!"

"बगा," जीवनशेठ समजुतीने म्हणाले, "टोचतं ना? मला पन टोचतं."

वरचं वर राहिलं. निदान खालचं तरी पक्कं करावं म्हणून दुसऱ्या दिवशी मैना भांडी घासत असताना श्रीनाथराव मोरीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बारा वर्षांत ते तिथे प्रथमच उभे राहत होते.

"मैना, एक छोटीशी सही हवी होती. म्हणजे तू आमच्या... कागदोपत्री हं... जराशी खाली आहेस, अशी."

मैनाने हात पुसले आणि फॉर्म अटी-शर्तींसकट पूर्ण वाचला. कामतघरात तो पूर्ण वाचणारी ती पहिलीच.

"दादा, आमच्या घरी टीव्ही हाय. तुमच्यापेक्षा मोठा हाय. आमचे मालक रिक्षा चालवतात, ती पन स्वतःची. तुमी रिक्षात मागं बसता, ते पुढं बसतात. मग आमी खाली कसे?"

"मग तुमच्या खाली कोण?"

"आमच्या चाळीत रघू हाय, लूमवर डबल शिफ्ट मारतो. त्याला इचारलं मी. तो बोलला, गावाला माझं दोन मजली हाय, हम तो मिडलक्लास हैं." मैनाने पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. "आमच्या हेमालीचा पन नंबर लागलाय पुण्याला, नर्सिंगला. वरच्या रकान्यात मी तुमचं नाव घातलंय. करता सही?"

श्रीनाथरावांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. आपण मैनाच्या वर आहोत, हे कोणीतरी लेखी मागत होतं. मग त्यांना उच्चवर्गाची कायमची नोंद आठवली, आणि दारामागची बॅगही.

"आम्ही कुठले गं वरचे, मैना?"

"तेच तर मी बोलते."

"अहो, तिची सही घ्या नाहीतर तिला द्या," आतून सुमतीबाई ओरडल्या, "पण कुकर तेवढा घासून होऊ दे!"

श्रीनाथराव पुन्हा कक्षात गेले. साक्षीदार सहकार्य करत नसेल तर परिस्थितीजन्य पुरावा चालेल का, असं त्यांनी लेखी विचारलं. बाई आपल्याकडे कामाला आहे, यापेक्षा वेगळा पुरावा काय असणार?

वल्लरी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही घरात माणूस कामाला ठेवता? काम करून घेणारा वरच्या वर्गात जातो. हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. अर्ज बाद होईल."

त्याच संध्याकाळी मैनाला कामावरून कमी करण्यात आलं. तिने कारण विचारलं. "तत्त्वाचा प्रश्न आहे," श्रीनाथराव म्हणाले. सुमतीबाई भांडी घासायला बसल्या, आणि ती कशी घासली जात होती हे पलीकडच्या लूमनाही ऐकू जात होतं.

आता मैनाला काम नाही, म्हणजे ती निःसंशय खाली गेली, असा हिशेब करून श्रीनाथराव फॉर्म घेऊन तिच्या चाळीत गेले.

"आता तरी कर सही."

"आता कशी करू, दादा? तुमच्याकडं भांडी घासत होते तवा कायतरी जमलं असतं. आता तुमची भांडी वहिनी घासतात, माझी मी घासते. बरोबरी झाली की."

इकडे हे चाललेलं असताना तालुक्यातला पहिला दाखला दिला गेला. तो जीवनशेठना मिळाला. वरचा साक्षीदार म्हणून त्यांच्या गोडाऊनमधल्या परदेशी कंपनीच्या मॅनेजरने सही दिली. तो समोर येईल त्या कागदावर सही करतो. खालचे साक्षीदार म्हणून शेठच्या बेचाळीस वॉचमननी, गेटवरच्या महादूपासून सुरुवात करून, ड्युटी बदलताना रांगेत उभं राहून अंगठे आणि सह्या दिल्या. नियमाप्रमाणे एक पुरला असता. "एकाला घेतला आनि बाकीच्यांना नाय, तर वाईट वाटतं," शेठ म्हणाले. वल्लरी मॅडमनी शेरा मारला: 'अर्जदार निर्विवादपणे मध्यभागी आहे.'

बातमी ऐकून तनया बाबांसमोर येऊन बसली.

"बाबा, जीवनकाकांनी तुमच्याकडे खालची सही मागितली होती ना? करून टाकायची होती. अजूनही कोणाच्या तरी फॉर्मवर करता येईल."

"आणि आपली नोंद निम्नवर्गात होऊ द्यायची? मग तुझं वसतिगृह?"

"निम्नवर्गाचं पण आहे. त्याच आवारात. खोल्या मोठ्या आहेत, मेस चांगली आहे, मी बघून आले. दोनशे खाटा आहेत आणि एकही मुलगी नाही. मी जाते तिथे. आईची अट पाळली जाते, मला शिकायला मिळतं."



"टिपणीसांची मुलगी," सुमतीबाई सावकाश म्हणाल्या, "तिथे?"

"त्यापेक्षा बी.कॉम. काय वाईट आहे?" श्रीनाथराव म्हणाले.

तनयाने बॅग ओढून समोर आणली आणि एकेक कपडा कपाटात परत ठेवायला लागली. कोणी तिला थांबवलं नाही. तिकडे मैनाच्या घरीही हेच झालं. "आमी काय भिकारी हाव?" असं म्हणून तिने हेमालीला त्या मोठ्या खोल्यांचं नावसुद्धा काढू दिलं नाही. दोघी मुलींना पुण्यात एकाच आवारात राहायचं होतं. आता दोघी कामतघरातच राहणार, असं दिसतं.

एक आशा मात्र अजून आहे. साक्षीदारांची टंचाई लक्षात घेऊन कक्षाने परवा परिपत्रक काढलं. ज्यांच्या साक्षीदारांनी नकार दिला, त्यांना पुरवणी पत्रक मिळेल, आणि त्यावर राज्यातला कोणीही साक्षर नागरिक सही करू शकेल. ओळख असण्याची अट नाही. वरचा एक, खालचा एक. मुदत शुक्रवारपर्यंत.

श्रीनाथरावांनी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. सर्वांना तनयाबद्दल मनापासून हळहळ वाटली. मग ते शेजारी म्हणून माझ्याकडे आले. मी सही केली नाही. माझी अडचण वेगळी आहे. म्हणून हे सगळं लिहून तुमच्यापर्यंत पोचवतो आहे. तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे साक्षर आहात. पोरगी हुशार आहे, तिचं नुकसान होऊ नये असं तुम्हालाही वाटतं आहे. रकाने दोनच आहेत, कुठलाही निवडा.

फक्त एक विनंती. स्वतःसाठी कोरा फॉर्म कुठे मिळतो, हे विचारू नका. संपलेत.