चौदा सेकंदांचा निरोप

धम्मपालला निरोप द्यायला विमानतळावर जायचं नाही, आपल्या गच्चीवर जायचं, असं संघमित्रानं ठरवलं आणि तिथूनच वाट लागली. (विमानतळाच्या दारात आई रडली असती, आईला बघून ती स्वतः, आणि मग पोलिसांनी दोघींना बाजूला घेतलं असतं. इथवर तिचा विचार पोचला होता.)

गच्ची जुनीच. मुंबईत असल्फ्याच्या त्या बिल्डिंगवरून विमानं इतक्या खालून जात, की लहानपणी दोघं भावंडं दप्तरासकट वर पळत आणि विमानाच्या चाकांना हात हलवत.

"टाटा लंडन!" धम्मपाल ओरडायचा.

"टाटा जपान!" ही ओरडायची, आणि मोठी असूनही आवाजाला दचकून त्याच्याच पाठीमागे लपायची.

आता तोच पाठ फिरवून चालला होता. सॅन फ्रान्सिस्को, दोन वर्षं.

आईचं मागणं एकच. "जाताना पोराला मी दिसले पाहिजे."

मग संघमित्रानं गणित मांडलं. अंतर साडेतेरा हजार किलोमीटर, वेळ सतरा तास, म्हणजे ताशी आठशे. विमानतळ ते गच्ची तीन किलोमीटर. उत्तर : विमान उडाल्यापासून चौदा सेकंद.

"चौदा? अगं, मला चप्पल शोधायला जास्त लागतात!"

"म्हणून तर प्रॅक्टिस करायची, आई."

तीन दिवस संघमित्रा मोबाइलवर सेकंद मोजत होती आणि आई पिवळी साडी फडकवत होती. धम्मपालनं खिडकीची सीट घेतली.

शुक्रवारी दुपारी चारला त्याचा मेसेज आला : बसलो. पाचच मिनिटांत डोक्यावर भलंमोठं विमान.

"तेच! आई, तेच!"

आईनं जीव खाऊन साडी फडकवली. रडली, हसली, "जेवत जा रे!" म्हणून ओरडली. साडी हातातून सुटली ती थेट वाळवणाशी बसलेल्या शेजारच्या धोंडिरामकाकांच्या डोक्यावर.

एवढ्यात फोन. संघमित्रा दचकली.

"ताई, आमचं विमान अजून रांगेतच आहे गं. आता सुटेल. आई उभी आहे ना?"

"अं? हो, हो! बघ हं नीट!"

फोन बंद झाला. मग आत्ता टाटा केला तो कुणाला?

धोंडिरामकाकांनी साडीतून डोकं काढलं. "पोरी, तीस वर्षं मी विमानात सामान चढवलंय. इथून जातात ती उतरायला येणारी विमानं. जाणारी तिकडून, जुहूच्या समुद्रावरून."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

संघमित्रानं मोबाइलवरचे सेकंद थांबवले. लंडन, जपान... सगळी बिचारी घरी परतत होती, आणि ही दोघं त्यांना इतकी वर्षं हाकलून लावत होती!

आई साडीची घडी घालत म्हणाली, "म्हणजे परत येताना तो इथूनच येणार?"

"हो, वहिनी," काका म्हणाले.

"मग झालं तर. तेव्हा दिसेन मी त्याला." आईनं डोळे पुसले. "फक्त त्या दिवशीचं गणित तुम्ही करा, भाऊ. हिला काही सांगू नका."