दांडी खाली, वेग वर

"बाबा, हेलिकॉप्टरला हात लावू नका," असं बजावून मुलगी शनिवारी सकाळी कामावर गेली आणि त्या क्षणापासून हेलिकॉप्टरला हात लावणं हे तिच्या बापाचं कर्तव्य होऊन बसलं.

बाप नुकताच निवृत्त झालेला लिफ्ट मेकॅनिक. एकतीस वर्षं त्याने माणसांना वर नेलं आणि सुखरूप खाली आणलं. मुलगी चष्म्याच्या दुकानात होती. तिळाएवढे स्क्रू पिळायला तिचा हात बसलेला. सहा महिने खपून तिने रिमोटवर उडणारं, हातभर लांबीचं बॅटरीचं हेलिकॉप्टर जोडलं, आणि त्या सहा महिन्यांत घरात बसलेल्या मोटारीच्या तज्ज्ञाला एक अक्षर विचारलं नाही. उद्या मैदानावर ते पहिल्यांदा उडणार होतं. म्हणजे आपणही काही कामाचे आहोत हे दाखवायला बापाकडे आजचाच दिवस होता.

"मोटारीचा वेग लावायचा राहिलेला दिसतोय," तो चष्मा पुसत म्हणाला. जेवणाच्या टेबलावर हेलिकॉप्टर होतं, रिमोट होता आणि वेग कसा लावायचा ते सांगणारा कागद उघडा पडला होता.

"ती म्हणाली तसं?" समोर स्वेटर विणत बसलेल्या बायकोने विचारलं.

"म्हणायला कशाला हवं? कागद उघडा आहे, त्याअर्थी काम अर्धवट आहे."

"तुमचं कपाट सकाळपासून उघडं आहे. तिथे कुठलं काम अर्धवट आहे?"

त्याने कागद वाचायला घेतला. मोटारीशेजारी काडेपेटीएवढी एक डबी होती. मोटारीने किती पळायचं ते ही डबी ठरवते. आणि रिमोटची दांडी कुठे असली की सुसाट पळायचं, कुठे असली की थांबायचं, हे तिला आधी शिकवावं लागतं. बटण दाबून बॅटरी जोडली की डबी शिकायला बसते. मग दांडी वर: हा पूर्ण वेग. 'पीप' झालं की दांडी खाली: हा थांबा. पुन्हा 'पीप'. संपलं. इतकं सोपं काम पाहून त्याला थोडी निराशाच झाली.

"आधी मोटारीचं छोटं दातेरी चाक काढून ठेवा म्हणतायत," बायकोने समोरून उलटा कागद वाचला. "म्हणजे चुकून काही फिरायला नको."

"अगं, मोटारीने काही फिरवलंच नाही तर ती नीट चालतेय हे कळणार कसं?"

"तिने काही फिरवलं तर मला कळेल. मी समोर बसलेय."

संसार चौतीस वर्षांचा असल्यामुळे तडजोड झाली. दातेरी चाक राहिलं, डोक्यावरची दोन मोठी पाती उतरली.

"आणि दांडी आधी वर, असं लिहिलंय," बायको म्हणाली.

"ते ज्यांना मोटारीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी. लिफ्टची चाचणी नेहमी तळमजल्यावरून सुरू होते. आधी खाली, मग वर."

त्याने दांडी खाली ठेवली, बटण दाबून बॅटरी जोडली. पीप. दांडी वर नेली. पीप. डबी गप्प, मोटार गप्प.

"झालं?"

"झालं. आपण उगाच घाबरतो अशा गोष्टींना," तो म्हणाला. मग कुठलाही शहाणा माणूस सवयीने करतो तेच त्याने केलं. काम झाल्यावर दांडी वर कशाला ठेवायची, म्हणून ती खाली आणली.

मोटार किंचाळली. मोठी पाती नसल्यामुळे हेलिकॉप्टर उडालं नाही, पण त्याच मोटारीवर फिरणारा शेपटीचा छोटा पंखा जागेवर होता. त्याने शेपटीला असं काही ढकललं, की हेलिकॉप्टर टेबलावर भोवऱ्यासारखं गरगरायला लागलं. पहिल्या फेरीत त्याने चष्म्याचं घर उडवलं, दुसऱ्या फेरीत कागद आणि तिसऱ्या फेरीत बायकोच्या लोकरीचं टोक पकडलं.

"अहो, बंद करा!"

"खालीच आहे दांडी!"

"आणखी खाली करा!"

त्याने आणखी खाली केली. म्हणजे जोर लावला, कारण दांडीच्या खाली आता फक्त रिमोटचा तळ शिल्लक होता. समोर स्वेटरची बाही भराभर उसवत होती. तीन आठवड्यांत मनगटापासून कोपरापर्यंत पोचलेली बाही पुन्हा मनगटाकडे निघाली होती.

तेव्हा एकतीस वर्षांचा अनुभव कामाला आला. काही बिघडलं की आधी मेन स्विच! तो दाराकडे धावला आणि त्याने खाडकन मेन स्विच पाडला. छताचा पंखा थांबला, फ्रिज थांबला, वॉशिंग मशीन पोटात कपडे आणि पाणी घेऊन थांबलं. हेलिकॉप्टर मात्र फिरत राहिलं.

"ते बॅटरीवर चालतं ना?" बायको सोफ्यामागून म्हणाली.

तेवढ्यात दारावर धाडधाड आवाज झाला. शनिवारचा अर्धा दिवस संपवून मुलगी आली होती. "बेल का वाजत नाहीये? आणि हा आवाज कसला?" दार उघडताच तिने टेबल पाहिलं, बापाच्या हातातला रिमोट पाहिला आणि ओरडली, "बाबा, दांडी वर करा!"

"वर? खाली असताना ही गत आहे, वर केली तर भिंत फोडेल!"

तिने एका बोटाने दांडी वर केली. घर एकदम शांत झालं. ती पुढे गेली आणि तिने बॅटरी काढली.

"शिकवताना आधी खाली दाखवलीत?"

त्याने मान हलवली. जन्मभर वर-खाली करण्याचा पगार घेतलेल्या माणसाने वर आणि खालीची अदलाबदल केली होती. डबीने ते निमूट मान्य केलं होतं. या घरात त्याचं शब्दशः ऐकणारी तीच एक निघाली.

"पण बाबा, वेग मी गुरुवारीच लावला होता. फक्त कागद उचलायचा राहिला होता."

"बाही कुणाची होती, तेही सांगून टाकते," बायको मनगटाएवढा उरलेला तुकडा उचलून म्हणाली. "तुमचीच."

मग दुपारभर तो चिमटा घेऊन शेपटीतली लोकर काढत बसला. हे काम मात्र त्याला येत होतं. लोकर निघाली, आणि तिच्याबरोबर शेपटीच्या दांड्याला धरून ठेवणारा एक बारीक स्क्रू हातात आला. पूर्ण सैल.

मुलीने तो पाहिला. "हा घट्ट करायला मी विसरले असणार. उद्या हवेत निघाला असता, बाबा! बरं झालं तुम्ही हात लावलात."

त्याने स्क्रू चष्म्याजवळ धरला. आट्यांवर स्क्रू सुटू नये म्हणून लावतात तो निळा गोंद होता, ताजा फाटलेला. ज्या स्क्रूला गोंद लावलाय तो विसरलेला नसतो. हा आजच्या गरगरण्यातच सुटला होता. सांगायला त्याने तोंड उघडलं. पण लिफ्टमधून सुटका झालेल्या माणसांनी एकतीस वर्षांत त्याला शिव्या दिल्या होत्या, "बरं झालं तुम्ही होतात" असं एकानेही म्हटलं नव्हतं.

"होतं असं कधी कधी," तो म्हणाला आणि निळा गोंद त्याने हळूच पँटला पुसला.

संध्याकाळी मुलीने स्क्रू बसवला आणि डबीला वर-खाली पुन्हा सुलटं शिकवलं. रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी मैदानावर मुलगी हेलिकॉप्टर गवतावर ठेवून दहा पावलं मागे आली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"तो स्क्रू… तू घट्टच केला होतास. माझ्यामुळे निघाला तो."

"माहितेय," ती रिमोटवरची नजर न काढता म्हणाली. "गोंद मीच लावला होता."

"मग तसं का म्हणालीस?"

"तुमचं तोंड बघवत नव्हतं. घरात तिघंजण, तिघांचाही शनिवार वाया गेलेला. म्हटलं, एकाला तरी बरं वाटू दे." तिने अंगठा दांडीवर टेकवला. "आता जरा मागे सरका."

ती म्हणाली होती जरा. तो वीस पावलं मागे गेला, आणि हेलिकॉप्टर डौलात वर चढलं तेव्हा त्या अंतरावरून सगळ्यात आधी टाळी त्यानेच वाजवली.