सदातात्यांना सापडलेली गिरणी

सदातात्या कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की पाणी नंतर पितात, आधी गच्ची विचारतात. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि तात्या जागेवर नाहीत! वर पाण्याच्या टाकीला टेकून गल्ली न्याहाळत होते. खाली येऊन म्हणाले, "स्थळ चांगलं हाय. उतार बरोबर हाय, पाणी तुंबायचं न्हाय." लग्न जमलं, पण मुलीची आई अजून विचारते, ते गृहस्थ नेमके कोण होते?

तात्या माझे शेजारी. नोकरीभर कचेरीत बसून शहराचे नकाशे काढले, त्यामुळे जग त्यांना वरूनच दिसतं. पत्ता विचारला तर "निळा पत्रा, त्याच्या उजव्या अंगाला कौलं, मधी फणस" असं सांगतात. ऐकणारा बिचारा मान वर करून चालायला लागतो. आणि कुणी काही छातीठोक सांगितलं की यांचा एकच सवाल: "पुरावा काय?" डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनाही म्हणाले, "रिपोर्ट माझाच कशावरनं? पुरावा काय?"

माझं फ्रेमा बसवायचं दुकान आहे. एका सकाळी नेसरीहून गीताआक्का नावाच्या आजी आल्या. पिशवीत काच तडकलेली जुनी फ्रेम. मला वाटलं देव असेल, नाहीतर कुणी गेलेलं माणूस. निघाला विमानातून काढलेला काळा-पांढरा फोटो. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असलेली गिरणी, उंच चिमणी, मागं डोंगर, कोपऱ्यात रेल्वेचं वळण आणि रुळाखाली दगडी मोरी. ना नाव, ना गाव.

"आमचं मालक लग्नाआदी हितं कामाला हुतं," आक्का म्हणाल्या. "जल्मभर फोटू भितीवर. कुठली गिरणी म्हणून इचारलं की नुसतं हसायचं. आता मालकच न्हाईत. डोळं मिटायच्या आत जागा बघायची हाय मला. कुणाला वळकती का बघा की, दादा."

मी तात्यांना बोलावलं. त्यांनी फोटो फरशीवर ठेवला आणि स्वतः स्टुलावर चढले. "विमानातला फोटू वरनंच बघायचा असतोय."

दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "राधानगरीकडचा वाटतोय."

"तिकडं रेल्वे कवा गेली? पुरावा काय?"

गिऱ्हाईक फ्रेम न घेताच गेलं.

मग सुरू झाले आमचे रविवार. मी स्कूटरवर पुढं, तात्या फोटो छातीशी धरून मागं. रेल्वेच्या कडेकडेनं जायचं आणि दिसेल त्या इमारतीवर चढायचं. एका ठिकाणी टाकीच्या शिडीवर वॉचमननं तात्यांचा पाय धरला. "कोण पावणं? काय चोरायचा इचार हाय?"

"डोंगर जुळतोय का बघतोय," तात्या वरूनच ओरडले. वॉचमननं माझ्याकडं बघून डोक्याशेजारी बोट फिरवलं. मी मान डोलावली. मग त्यानं चहा पाजला.

शेवटी हातकणंगल्याच्या अलीकडं एका मंगल कार्यालयाची गच्ची तात्यांच्या नजरेत भरली. आत लग्न चालू. आम्ही सरळ आत गेलो. नवरीकडच्यांना वाटलं आम्ही नवऱ्याकडचे, नवऱ्याकडच्यांना वाटलं नवरीकडचे. दोन्हीकडून जिलेबी मिळाली. वर गेल्यावर तात्यांनी फोटो डोळ्यांसमोर धरला, थोडे डावीकडं सरकले, परत उजवीकडं आले. डोंगराची सोंड जुळली. वळण जुळलं. मोरीही तीच. चिमणी नव्हती, छप्पर नव्हतं, फक्त उसाच्या मधोमध बाभळीत दगडी चौथरा उरला होता.

"गावली!" तात्या एवढ्या जोरात ओरडले की खाली बँडवाले थांबले.

पुढच्या रविवारी गीताआक्का एसटीनं आल्या. आम्ही रिक्षानं तिथं गेलो. मालकीण असल्यासारख्या त्या चौथऱ्याला एक फेरी मारून आल्या, चप्पल काढली आणि दगडावर बसल्या. फ्रेम मांडीवर. नवी काच मी आदल्या दिवशीच बसवली होती. मग म्हणाल्या, "ह्यात आमचं मालक कुठं असतील ओ?"

गिरणीच्या दारात मुंग्यांएवढे चार-सहा ठिपके होते. मला वाटलं, आता तात्या पुरावा मागणार!

तात्यांनी खिशातून भिंग काढलं. काचेवर वाकले. एकेक ठिपका बघितला. मग दाराच्या चौकटीपाशी बोट टेकवलं.

"हे. कडंला हुबं हायत ते."

"मान वाकडी हाय का बघा. मान वाकडी करून हुबं ऱ्हायाची सवय हुती त्यास्नी."

"हाय की. वाकडीच हाय."

आक्कांनी भिंग घेतलं नाही. पदरानं काच पुसली आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "किती बारीक हायत," त्या म्हणाल्या. "तवा डबा कोण करून देत असंल ओ ह्यास्नी?"

परत येऊन त्यांना एसटीत बसवलं आणि आम्ही घराकडं पायी निघालो. राहवेना म्हणून मी म्हणालो, "तात्या, एवढ्या उंचीवरनं माणूस ओळखू येतं?"

"न्हाय येत."

थोडं चालल्यावर ते थांबले. तात्यांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आम्ही या गल्लीत राहायलाही आलो नव्हतो. त्यांचा विषय तात्यांनी माझ्यासमोर कधी काढला नव्हता.

"आमच्या हिचा फोटू न्हाय बघा," ते म्हणाले. "अख्ख्या गावाची छपरं काढली मी. ही घरातच हाय, कवाबी काढू म्हणायचो. आता कुणी ठिपका दाखवून हीच ती म्हटलं, तरी मी न्हाय म्हणायचो न्हाय."