संपाचं पत्रक आणि तांदळाची खीर

"बुधवारी दोनला ये. तांदळाची खीर आण, ओव्हनमध्ये वरची साय चांगली भाजू दे. आणि हे बघ विल्फ, भाषण आणू नकोस."

मोठ्या बहिणीचं, हेटीचं हे बजावणं आठवत विल्फ्रेड ऍक्रॉइड फडक्यात बांधलेलं भांडं घेऊन बसथांब्यावर उभा होता. कामगारांसाठी त्यानं लिहिलेली नऊ पुस्तकं हेटीनंच टाइप केली होती. तिच्या लग्नाला तो सभेमुळे पोचला नव्हता आणि तिच्या नवऱ्याच्या दफनाला मोर्चामुळे. उद्या तिचं ऑपरेशन. हॉस्पिटलात भेटीची वेळ तीनपर्यंत. या खेपेला त्यानं शब्द दिला होता.

अर्धा तास झाला तरी बस येईना. मग त्याला आठवलं, बस ड्रायव्हरांचा संप आजपासूनच होता. पत्रक त्यानंच लिहिलं होतं. पण आजवर त्याच्या पत्रकानं यॉर्कशायरात साधी सायकलही थांबली नव्हती, म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नव्हतं.

तो डेपोत गेला. फाटकावरच्या ड्रायव्हरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"काय लिहिलंयस रे विल्फ!" सेथ बॅराक्लो म्हणाला. "सत्तरच्या सत्तर ड्रायव्हर संपावर! बायकोला विचारून शिंकणारा आर्थरसुद्धा!"

"सेथ, एकच बस सोड ना. हॉस्पिटलपर्यंत."

"ऐका! आता हाच फितूर होतोय!" सगळे खदखदून हसले. "चल, चढ त्या खोक्यावर. दोन शब्द बोल."

दोन शब्दांत थांबणं विल्फ्रेडला जन्मात जमलं नव्हतं. भांडं सेथच्या हाती देऊन तो चढला. मालक झाले, मजूर झाले, इतिहास सुरू झाला. डेपोच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली.

"पत्रकातली शेवटची ओळ म्हण!" मागून कुणीतरी ओरडलं. "त्या ओळीनंच उठवलं आम्हाला!"

विल्फ्रेडनं हात उंचावला. "आज गावाला पायी चालू द्या, म्हणजे..."

ही ओळ त्याची नव्हतीच. त्यानं शेवटी दोन पानं इतिहास लिहिला होता. "एवढं कोण वाचतंय?" म्हणत हेटीनं तो खोडला होता आणि हॉस्पिटलच्या खाटेवरून ही एवढीच ओळ सांगितली होती. त्यानं साधे आभारही मानले नव्हते.

सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. थांबण्याची ही तऱ्हा आवडून कुणी टाळीही वाजवली. विल्फ्रेड खोक्यावरून उतरला, सेथच्या हातून भांडं घेतलं आणि वाक्य तसंच अर्धं सोडून हॉस्पिटलच्या चढाला लागला.