मुळेकाकांचा पोटभाडेकरू

“आज आमचा पोटभाडेकरू गप्प आहे,” असं मुळेकाका गल्लीत भेटेल त्याला सांगायचे. ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गल्लीत ही बातमी अशी पसरली, की एका सकाळी दूधवाल्याने विचारलं, “पंडितजी, किरायेदार के लिए भी आधा लीटर दे दें?” काका गंभीरपणे म्हणाले, “वो दूध नहीं पीता, सिर्फ बिजली खाता है.”

हा पोटभाडेकरू म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला दुसरा कॉम्प्युटर. काकांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. त्यांची रेकॉर्डिंगं ज्या प्रोग्राममध्ये उघडायची तो नव्यावर चालेना. मी विद्यापीठात कॉम्प्युटरचंच काम करते आणि त्यांच्या समोर राहते, त्यामुळे सुटका नव्हती. नव्या मशीनच्या आत मी जुन्या सिस्टिमचं एक व्हर्च्युअल मशीन बसवून दिलं.

“म्हणजे घर माझं, वीज माझी, आणि हा आत स्वतःचा संसार मांडणार,” काका म्हणाले. “पोटभाडेकरूच की.”

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. एकटेच राहतात. खोलीत सहा स्पीकर: दोन पुढे, एक मधे, दोन मागे, आणि जाड आवाजाचा डबा पाटावर, सोवळ्यात बसवल्यासारखा. मधल्या खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूच्या खुणा. येईल त्याला त्या खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं, “मागची लाइन क्लियर आहे?” सिलिंडर घेऊन आलेला माणूसही एकदा तिथे दहा मिनिटं डोळे मिटून बसला होता. झोप छान लागली म्हणाला.

पण मागची लाइन काही क्लियर होईना. पोटभाडेकरूचा आवाज फक्त पुढच्या दोन स्पीकरमधून यायचा. आतल्या मशीनला बाहेरचं मशीन दोनच स्पीकर दाखवत होतं. काकांचे मला ऑफिसात रोज फोन. शेवटी एका संध्याकाळी ते आमच्याकडे चहाला आले, तेव्हा मी वैतागून म्हटलं, “काका, ऐका ना दोनावरच. माणसाला कान तरी दोनच असतात.”

एरवी अशा वाक्यावर ते टाळी मागतात. त्या दिवशी अर्धा चहा तसाच ठेवून ते आमच्या घरून उठून गेले.

मला रात्रभर चुटपुट लागली. रविवारी सकाळी मीच त्यांच्याकडे गेले. त्यांचं साउंड कार्ड यूएसबीचं आहे हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ते बाहेरच्या मशीनकडून काढून थेट आतल्याच्या हवाली केलं, आत ड्रायव्हर टाकला, सेटिंगमध्ये सहा स्पीकर निवडले. बाहेरचं मशीन तात्काळ मुकं झालं.

“मालकाची वाचा गेली!” काका आनंदाने ओरडले.

मग एकेका कोपऱ्यातून चाचणीची खरखर आली. मागून डावीकडे. मागून उजवीकडे.  त्यांनी स्वतः एक फाइल उघडली आणि खुर्चीत बसले.

पुढून त्यांचाच आवाज आला, रुद्र म्हणणारा. घरातच केलेलं रेकॉर्डिंग होतं. दोन माइक त्यांच्यासमोर, आणि खोलीचा घुमारा पकडायला दोन मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. चांगली लय लागली होती. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, “अहो, भात निवाला. येताय ना?”

मी दचकून मागे पाहिलं. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती.

लगेच पुढून काका कडाडले, “रेकॉर्डिंग चालू आहे, समजत नाही तुला? सगळं खराब केलंस!”

काकांनी फाइल थांबवली.

“जुन्या कॉम्प्युटरवर ही फाइल कधी उघडलीच नव्हती, आणि आता दोन स्पीकरवर नुसता मीच ओरडताना ऐकू यायचो,” ते म्हणाले. “ती काय म्हणाली होती, तेच आठवेना. वाटायचं, काहीतरी लागट बोलली असेल. त्याशिवाय मी असा…” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “एवढंच म्हणाली होती गं ती.”

त्यांनी पुढचे स्पीकर बंद केले आणि तोच भाग पुन्हा लावला. काकू म्हणाल्या, भात निवाला. मग काकांचं ओरडणं, मागच्या माइकमध्ये लांबून आल्यासारखं पुसट. आणि त्याच्या मागोमाग, मघाशी त्या ओरडण्याखाली दबून गेलेला काकूंचा हलका आवाज, “बरं. थांबते मी.”

काकांनी फाइल बंद केली.

“मी रागाने घाटावर निघून गेलो होतो,” ते म्हणाले. “चार वाजता परतलो. दोन पानं मांडलेली होती. मला वाटलं, तिने आत्ताच मांडली असतील.”